वेड्यावाकड्या रेषांचं कसब

शिगेओ कागेयामा आठवीत शिकतो. कपाळावर सरळ कापलेली झुलपं, चेहऱ्यावर भाव असा नाहीच, आणि थोडं पळाला की धाप लागून कोसळतो. सगळे त्याला ‘मॉब’ म्हणतात. नुसत्या मनाच्या बळावर इमारती हलवण्याची ताकद या पोरात आहे. ती वापरण्याची हौस मात्र अजिबात नाही. ‘मॉब सायको 100’ या जपानी ॲनिमे मालिकेचा हा नायक. 2016 ते 2022 या काळात तिचे तीन सीझन आले, एकूण 37 भाग. मारधाडीची मालिका म्हणून ती गाजली. पण नव्या प्रेक्षकाला आधी खटकतं ते तिचं चित्र. चेहरे वेडेवाकडे होतात, हातपाय भलतेच लांबतात, अधूनमधून रंग रेषेबाहेर ओघळल्यासारखे दिसतात. बऱ्याच जणांची पहिली प्रतिक्रिया असते, ‘हे काय काढलंय?’

या दिसण्याला एक इतिहास आहे. मूळ चित्रकथेचा, म्हणजे मांगाचा, लेखक ‘वन’ या टोपणनावानं लिहितो. 2009 मध्ये त्यानं इंटरनेटवर ‘वन-पंच मॅन’ सुरू केली. चित्रकला यथातथाच, गोष्ट मात्र अफलातून. पुढे युसुके मुराता या कसलेल्या चित्रकारानं ती नव्यानं काढली आणि 2015 मध्ये त्या देखण्या आवृत्तीवरून ॲनिमे आली. ‘मॉब सायको’ मात्र वननं 2012 पासून शेवटपर्यंत स्वतःच काढली. ती पडद्यावर आणताना चित्रं घासूनपुसून गुळगुळीत करणं सहज शक्य होतं. बोन्स स्टुडिओ, दिग्दर्शक युझुरु ताचिकावा आणि पात्रांना रूप देणारे योशिमिची कामेदा यांनी वनची डुगडुगती रेषाच प्रमाण मानली.

या निर्णयामागे धंद्याचंही गणित आहे. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. तेवढी चित्रं दर आठवड्याला काढणं परवडत नाही, म्हणून ओसामु तेझुका यांच्या 1963 सालच्या ‘ॲस्ट्रो बॉय’पासून टीव्हीवरच्या ॲनिमेत एकच चित्र दोन-तीन चौकटी धरून ठेवण्याची काटकसर रुळली. पात्राच्या अंगावर रेषा जितक्या जास्त, तितकं त्याला हलवणं महाग. मॉबचा चेहरा म्हणजे जेमतेम चार-सहा रेषा. तिथे वाचलेली मेहनत हालचालीत ओतता येते. शिवाय पात्र नमुन्याबरहुकूमच दिसलं पाहिजे हा हट्ट सैल केला, की प्रत्येक ॲनिमेटरचा हात वेगळा ओळखू येतो. उदाहरणार्थ, ॲनिमेटर मियो सातो काचेवर रंग लावतात, त्याचा फोटो घेतात, रंग पुसून किंवा बदलून पुढचा फोटो घेतात. पहिल्या सीझनच्या शेवटची श्रेयनामावली त्यांनी याच पद्धतीनं केली. अशा खास जमून आलेल्या तुकड्यांना ॲनिमेचे शौकीन ‘साकुगा’ म्हणतात आणि मैफलीतल्या जागेसारखी त्यांना दाद देतात.

पण नुसत्या करामतीवर 37 भाग तगले नसते. मॉबनं भावना दाबून ठेवल्या आहेत, कारण त्या उसळल्या की शक्तीही हाताबाहेर जाते. पडद्यावर मध्येच टक्केवारी चढत जाते. ती ताकदीची नव्हे, आत साठलेल्याची. एका भागात हसरे मुखवटे घातलेला पंथ त्याला बळजबरीनं हसवायला बघतो. त्याला हसू येत नाही आणि आकडा शंभराकडे सरकतो. मॉब स्वतःला आवरून असतो तोवर चित्रही साधं, जवळजवळ ओबडधोबड. आवर सुटला की रेषाही सुटते. दुसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात, एका दुष्टात्म्यानं रचलेल्या खोट्या जगात महिनोन्‌महिने छळ सोसून मॉब बाहेर पडतो, तेव्हाची लढाई या दृष्टीनं पाहावी.

याला तोल देतो रेगेन अराताका. हा शुद्ध भोंदू. भूत उतरवण्याचं दुकान मांडलंय, अंगात शक्ती शून्य. स्वयंपाकाचं मीठ फेकतो आणि ‘खांद्यावर भूत बसलंय’ म्हणणाऱ्याला मालिश करून बरं करतो. खरं काम मॉबचं, मजुरी तासाला 300 येन! पण पोराला शहाणपण हाच थापाड्या शिकवतो. कुणी वेगात पळतं, कुणी अभ्यासात हुशार असतं, तशीच तुझी शक्ती. तिच्यामुळे तू इतरांहून मोठा ठरत नाहीस आणि ती माणसांवर रोखायची नाही. पहिल्या सीझनच्या अखेरीस मॉब अगदी कोंडीत सापडतो, तेव्हा रेगेन त्याला ‘लढ’ म्हणत नाही. पळून गेलास तरी चालेल, असं सांगतो. मारधाडीच्या मालिकेत असा गुरू विरळाच.

म्हणूनच नवख्यानं सुरुवात लढाईपासून करू नये. दुसऱ्या सीझनचा पहिला भाग पाहावा. एमी नावाच्या मुलीनं लिहिलेली कथा मैत्रिणी फाडून टाकतात. मॉब रस्त्यावर बसून तुकडे वेचू लागतो आणि मग, नाइलाज म्हणून, शक्ती वापरून पानं पुन्हा जुळवतो. इमारती हलवणारी ताकद त्या संध्याकाळी कागदाचे कपटे जोडायला खर्ची पडते. ज्याला ही खर्चाची रीत पटली, त्याला पुढे वाकडा चेहरा आणि सुटलेली रेष खटकणार नाही. देखणेपणा आणि कसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला तोवर कळून चुकलेलं असेल.