मॉस्कोला, बॉस्टनमार्गे

1962 साल. क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून जगाचे प्राण कंठाशी आलेलं वर्ष. त्याच वर्षी मॉस्कोत परदेशी भाषाविज्ञानाची ओळख करून देणाऱ्या एका मालेचा दुसरा खंड निघाला. त्यात काय होतं? नोम चॉम्स्की नावाच्या तरुण अमेरिकन प्राध्यापकाच्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’चं रशियन भाषांतर! मूळ पुस्तकाला जेमतेम पाच वर्षं झाली होती. मग ओघ चालूच राहिला. 1997 मध्ये तर समकालीन अमेरिकन भाषाविज्ञानाच्या मुख्य प्रवाहांवर रशियन भाषेत एक अख्खा ग्रंथच आला.

म्हणजे माल अमेरिकेचा, गिऱ्हाईक रशियन? थांबा. या मालाचा माग काढत गेलं, की त्यातली एक वाट थेट मॉस्कोतच पोचते.

रोमान याकोब्सन 1896 साली मॉस्कोत जन्मला. पुढे प्रागला गेला, तिथून नाझींना चुकवत स्कँडिनेव्हियात आणि 1941 मध्ये न्यूयॉर्कला. 1948 साली त्यानं रशियन क्रियापदांवर एक निबंध लिहिला. क्रियापदाचं एकच मूळ रूप धरा, त्याला नियम लावत जा, बाकीची रूपं आपोआप हाती येतात! (पाणिनीच्या देशातल्या वाचकानं इथं मिशीतल्या मिशीत हसायला हरकत नाही.) याकोब्सनचा शिष्य मॉरिस हॅले लाटव्हियात जन्मलेला; बॉस्टनशेजारच्या एमआयटीत तो चॉम्स्कीचा सहकारी झाला. 1959 मध्ये त्याचं पुस्तक आलं, ‘द साउंड पॅटर्न ऑफ रशियन’. त्यातल्या एका युक्तिवादानं तेव्हाच्या अमेरिकन ध्वनिविचाराचा पायाच हलवला.

आणि तो किती साधा आहे, पाहा. रशियनमध्ये ‘मोक’ म्हणजे ‘भिजत होता’. त्यापुढे ‘बी’ हा छोटा शब्द आला, की उच्चार होतो ‘मोग बी’. ‘ब’ घोष आहे, म्हणून आधीचा ‘क’ही घोष होऊन ‘ग’ बनतो. ‘झेच’ म्हणजे ‘जाळणे’ (च ‘चंद्र’मधला, ‘चमचा’मधला नव्हे). ‘झेच’पुढे ‘बी’ आला की? ‘झेज बी’. तीच करामत.

आपल्याला यात नवल वाटत नाही. शाळेत वाक् + ईश्वरी = वागीश्वरी आणि अच् + आदी = अजादी हे आपण एकाच नियमाखाली घोकलेलं असतं. पण तेव्हाच्या अमेरिकन पद्धतीत हे दोन वेगळे प्रकार ठरत होते! का? ती पद्धत आधी भाषेतल्या अर्थभेदक ध्वनींची यादी करायची. रशियनमध्ये ‘क’ आणि ‘ग’ दोघंही त्या यादीत, कारण त्यांच्या अदलाबदलीनं शब्द बदलतो. ‘ज’ मात्र यादीत नाही. त्याच्यामुळे कुठलाच शब्द वेगळा होत नाही. तो ‘च’चीच एक छटा. मग ‘क’चा ‘ग’ होणं म्हणजे एका ध्वनीच्या जागी दुसरा येणं, त्याचा नियम एका मजल्यावर. ‘च’चा ‘ज’ होणं म्हणजे नुसता छटाबदल, त्याचा नियम दुसऱ्या मजल्यावर.

घशाला हे मजले ठाऊक आहेत का? स्वरतंतू तर दोन्हीकडे एकच काम करतात: जरा आधी कंप पावू लागतात. हॅले म्हणाला, एका घटनेचे दोन तुकडे करायला लावणारा, अर्थभेदक ध्वनींच्या यादीचा हा मधला मजलाच काढून टाका. मूळ रूप घ्या, नियम एकदाच लावा, उच्चार मिळेल. याच विचारातून पुढे 1968 साली चॉम्स्की आणि हॅले यांनी मिळून इंग्रजीचा ध्वनिविचार मांडला.

मला सगळ्यात भावतो तो हा ‘ज’. रशियन लिपीत त्याला अक्षर नाही. ‘जॉन’ लिहायचं तर ‘द’ आणि ‘झ’ची अक्षरं शेजारी शेजारी बसवावी लागतात. पण ‘झेच बी’ म्हणताना तोच रशियन माणूस हा ‘ज’ बिनदिक्कत उच्चारतो, आणि त्याला विचारलं तर शपथेवर सांगेल, मी ‘च’च म्हणालो.