पफ स्प्रे मशिनचं प्रेशर बिघडलं? पंप किट मागवण्याआधी हे वाचा

जानेवारीत सकाळी सकाळी आपल्या एका विद्यार्थ्याचा निफाडहून फोन आला. कोल्ड रूमचं काम चालू होतं. "सर, ए चा काटा १४०० वर, बी चा ७०० वर. बी चा पंप गेला बहुतेक, किट मागवू का?"

मी एकच विचारलं, ड्रम रात्री कुठे होते? म्हणाला, बाहेर शेडमध्ये.

तिथेच उत्तर मिळालं. निफाडच्या थंडीत पॉलिओल काकवीसारखं घट्ट होतं. ट्रान्सफर पंपाला ते ओढवत नाही, आणि मशिनचा बी पंप उपाशी राहतो. ड्रमला हीटर बेल्ट लावला, माल २० अंशांच्या वर आणला, काटे जागेवर आले. किट लागलंच नाही. पण तोवर अर्धी भिंत मारून झाली होती. तो फोम हाताने दाबला की कुरकुर तुटत होता. सगळा खरवडून परत मारावा लागला, माल आणि मजुरी त्याच्याच खिशातून.

आता कारण समजून घ्या. ए म्हणजे आयसोसायनेट, बी म्हणजे पॉलिओल, आणि दोन्ही आकारमानाने १:१ जायला हवेत. बहुतेक मशिनमध्ये दोन्ही पंप एकाच मोटरला जोडलेले असतात. म्हणून एक काटा चढला आणि दुसरा पडला तर दोनच शक्यता: चढलेल्या बाजूला पुढे कुठेतरी अडलंय, किंवा पडलेल्या बाजूला मागून मालच येत नाही. नवखा माणूस थेट पंप उघडतो. तुम्ही आधी गनची जाळी काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. मग मशिनच्या इनलेटचा गेज बघा. ट्रिगर दाबल्यावर तो शून्याकडे पडत असेल तर दोष ड्रम, ट्रान्सफर पंप किंवा इनलेटच्या गाळणीत. ए बाजूच्या गाळणीत खडे सापडले तर समजा ड्रममध्ये ओलावा शिरलाय. झाकणाला ड्रायर लावलाय का ते बघा.

दोन्ही काटे एकत्र पडतात? मग पंपाला दोष देऊ नका. गनचा मिक्सिंग चेंबर मशिनच्या मानाने मोठा असेल, किंवा मशिन हवेवर चालणारं असेल तर कॉम्प्रेसर कमी पडतोय. स्वस्तात छोटा कॉम्प्रेसर घेणारे इथेच फसतात, आणि हे मी दरवर्षी सांगतो!

खरोखर पंपच गेलाय हे कसं ओळखायचं? उभा पंप असेल तर स्ट्रोक बघा. वर जाताना प्रेशर टिकत नसेल तर पिस्टनचा व्हॉल्व्ह किंवा सील. खाली येताना टिकत नसेल तर खालचा इनटेक व्हॉल्व्ह, त्याच्या बॉलवर बऱ्याचदा नुसता कचरा असतो. साफ केला की झालं.

उघडण्याआधी मोटर बंद, ट्रान्सफर पंपाची हवा बंद, प्रेशर सोडून दोन्ही काटे शून्यावर. इतक्या प्रेशरची धार कातडीतून आत जाते, चेष्टा नाही. ए चे पाने, जाळ्या, सील बी ला कधीच लावायचे नाहीत; लाल ते लाल, निळं ते निळं. आणि आयसोसायनेटची एकदा ॲलर्जी बसली की हा धंदाच सोडावा लागू शकतो, म्हणून फवारताना हवा पुरवणारा मास्क हवाच. साधा कापडी चालणार नाही.

गिऱ्हाईक उभं असताना काटे बघायला वेळ नसतो, मान्य. मग फोम बघा. गडद, काचेसारखा ठिसूळ असेल तर ए जास्त. मऊ, चिकट, वास मारणारा असेल तर बी जास्त. तसं दिसलं की त्या क्षणी ट्रिगर सोडा, भिंत पूर्ण करायच्या नादात राहू नका.

रोज सकाळी ए पंपाच्या कपातलं तेलही बघत जा. रंग बदललेला किंवा गोठल्यासारखं वाटलं तर वरचं सील झिरपायला लागलंय. गनची जाळी काढून साफ कशी करायची ते व्हिडिओत सावकाश दाखवलंय, मशिनशेजारी मोबाईल ठेवून बघा. अडलात तर कमेंटमध्ये दोन्ही काट्यांचे आकडे लिहा, ट्रिगर दाबलेला असतानाचे आणि सोडल्यावरचेही.