दहाव्या प्रश्नाचं उत्तर

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

फेब्रुवारी २०११ मधली गोष्ट. पारनेरला आमच्या घरी जनगणनेचे गुरुजी आले होते. ओट्यावर बसले, चहा झाला, मांडीवर तो लांबलचक तक्ता पसरला. नाव, नातं, वय, लग्न, धर्म असं भराभर लिहीत ते दहाव्या प्रश्नाशी पोचले. प्रश्न मातृभाषेचा होता. तो त्यांनी विचारलाच नाही. पेन थेट 'उर्दू' लिहायला निघालं.

म्हटलं, "गुरुजी, मराठी लिहा."

ते हसले. "भाई, तुम्ही मराठीत कविता करता हे गावाला ठाऊक आहे. पण हा प्रश्न घरातल्या भाषेचा आहे. आई कोणती भाषा बोलतात?"

मी तोंड उघडायच्या आत माजघरातून अम्माचाच आवाज आला, "मराठीच लिखो ना मास्तर! हम लोगां क्या उर्दू बोलते काय?"

आता हे वाक्य कोणत्या भाषेतलं म्हणायचं? गुरुजींचं पेन अधांतरी राहिलं. शेवटी तडजोड झाली. माझ्या नावापुढे मराठी, अम्माच्या नावापुढे उर्दू. लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती मातृभाषा, अशी जनगणनेची व्याख्या आहे. अम्मा माझ्याशी जे बोलली तेच तिची आई तिच्याशी बोलली होती. तरी आम्हा मायलेकरांचे रकाने वेगळे झाले. गुरुजींना मी दोष देत नाही. त्यांना अजून चाळीस घरं करायची होती.

एखाद्या मुलखात माणसं किती हे कळणं तसं सोपं. ती कोण आहेत हे कागदावर उतरवताना मात्र मोठी गफलत होते, आणि ती काही पारनेरातच होते असं नाही. हे मला कळलं ते एका भांडणामुळे. शाळेत असताना मैदानावर जुंपली की एखादा पोरगा ठेवणीतलं वाक्य काढायचा, 'जा तुझ्या बाबराच्या मुलखात!' घरी येऊन अब्बांना विचारलं, तर त्यांना पारनेरबाहेरचे नातेवाईक ठाऊक होते ते सुप्याचे आणि शिरूरचे. पुढे बी.ए.ला असताना ग्रंथालयातल्या नकाशात तो मुलूख शोधून काढला. बाबराचा जन्म १४८३ चा, गाव अंदिजान. आज ते उझबेकिस्तानात आहे. लालबहादूर शास्त्रींचं जिथं निधन झालं ते ताश्कंद याच देशाची राजधानी. मी नकाशा पाहिला तेव्हा सगळा प्रदेश सोव्हिएत संघात होता.

बाबरानं समरकंद तीनदा घेतलं आणि तीनदा गमावलं, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. मला त्या शहराची दुसरीच हकिकत जास्त लक्षात राहिली. समरकंद आणि बुखारा इथल्या घरांत पिढ्यानुपिढ्या ताजिक, म्हणजे फारसीच्या कुळातली भाषा बोलली जाई आणि बाजारात तुर्की कुळातली. एकच माणूस दोन्ही बोले. शहरी, व्यापारी, स्थायिक लोकांना 'सार्त' म्हणत. रशियन बादशाहीच्या १८९७ च्या जनगणनेत सार्त आणि उझबेक हे वेगवेगळे मोजलेले आहेत. तुम्ही कोण, असं विचारलं तर तिथला माणूस आधी सांगे, मी मुसलमान, मी बुखाऱ्याचा. 'राष्ट्रीयत्व' नावाची चीज त्याच्या गावी नव्हती.

१९२४ मध्ये सोव्हिएत सरकारनं मध्य आशियाची नव्यानं वाटणी केली. प्रत्येक 'राष्ट्रा'ला त्याच्या नावाचा प्रदेश द्यायचा ठरला. मग प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या राष्ट्राचा असणं भाग पडलं. समरकंद उझबेकिस्तानात गेलं. १९२० च्या मोजणीत त्या शहरात ताजिक होते सुमारे ४४ हजार आणि उझबेक जेमतेम ३ हजार. १९२६ ची जनगणना झाली तेव्हा उझबेक झाले ४३ हजार आणि ताजिक उरले १० हजार. सहा वर्षांत एवढी माणसं उठून कुठं गेली नाहीत की कुठून आली नाहीत. तीच घरं, त्याच आया, तीच अंगाईची भाषा. रकाना तेवढा बदलला. आणि 'सार्त' हा शब्द तर यादीतूनच गेला. सार्त म्हणवणारे बहुतेक उझबेकांत जमा झाले.

१९३२ पासून अंतर्गत पासपोर्ट आले, त्यावर राष्ट्रीयत्वाची नोंद आली. रकान्यातला शब्द माणसाच्या खिशात जाऊन बसला. पुढे त्याच शब्दावरून लोकांना गाडीत कोंबलं गेलं. १९३७ साली सोव्हिएत अतिपूर्वेकडचे पावणेदोन लाखांच्या आसपास कोरियन कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात आणून टाकले, १९४४ मध्ये क्रिमियाचे तातार. त्या कोरियनांची नातवंडं आज घरात बहुतांशी रशियन बोलतात. नोंद मात्र कोरियनच.

१९८९ च्या अखेरच्या सोव्हिएत जनगणनेत उझबेकिस्तानची लोकसंख्या दोन कोटींना थोडी कमी होती. उझबेक ७१ टक्के, रशियन ८, ताजिक पाचाच्या आतबाहेर, कझाक ४. देश स्वतंत्र झाल्यावर रशियन मोठ्या संख्येनं निघून गेले, लोकसंख्या साडेतीन कोटींच्या पुढे गेली, आणि सरकारी आकडे उझबेकांना ८४ टक्क्यांच्या आसपास दाखवू लागले. ताजिक मात्र कागदावर पाचच टक्के राहिले. अभ्यासक म्हणतात, खरा आकडा याहून बराच मोठा आहे. ताडून पाहायचं कशाशी? १९८९ नंतर पस्तीस वर्षं तिथं पूर्ण जनगणनाच झाली नव्हती.

हे वाचलं आणि मला आमचा जिल्हा आठवला. २०२४ पासून त्याचं नाव अहिल्यानगर झालं, २०११ च्या दप्तरात तो अहमदनगर आहे. क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा. लोकसंख्या ४५,४३,१५९. त्यात पारनेर तालुका पावणेतीन लाखांचा, आणि मुंबईत पोट भरणारे पारनेरकर धरले तर आणखी कितीतरी. ते मोजले जातात मुंबईत, मनानं असतात कुकडीकाठी. जिल्ह्यात अनुसूचित जाती साडेबारा टक्के, अनुसूचित जमाती आठ टक्क्यांवर, त्यांतले महादेव कोळी आणि ठाकर मुख्यतः अकोल्याच्या डोंगरात. मुसलमान सात टक्के.

या सात टक्क्यांना एकच शब्द. पण गावात येऊन बघा. तांबोळी वेगळा, अत्तार वेगळा, पिंजारी, मण्यार, शिकलगार, बागवान वेगळे. मुलाणी तर गावगाड्यातला बलुतेदार, पाटलाच्या खळ्यावर न्हावी-कुंभारांच्या रांगेत उभा राहून धान्य नेणारा. यांचं मूळ अंदिजानात शोधायला जाल तर पायपीट फुकट. बाहेरून कुणी आलंच नाही असंही नाही. निजामशाहीच्या दरबारात इराण-तुराणकडचे 'आफाकी' होते, हबशी होते, दखनी होते. मलिक अंबर हबशी. आणि शहर वसवणाऱ्या अहमद निजामशहाचं घराणं पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांचं. शहाजी आणि शरीफजी ही नावं नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली, असं सांगतात. शेजारच्या श्रीगोंद्यात संत शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, तो मराठीत. तेव्हा त्यांना दहावा प्रश्न कुणी विचारला नसावा.

आता थोडी वजाबाकी. २०११ मध्ये महाराष्ट्रात मुसलमान होते सुमारे १ कोटी ३० लाख. उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. उर्दूवाले सगळे मुसलमान धरले तरी किमान ५४ लाख मुसलमानांच्या पुढे उर्दू सोडून दुसरं काहीतरी लिहिलेलं आहे. कुणाच्या हिंदी, कुणाच्या मराठी. तरीही मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला कार्यक्रमानंतर हटकून ऐकावं लागतं, 'तुमचं मराठी किती छान आहे हो!' बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. मी आभार मानतो.

राहिली अम्माची बोली. ती दखनी. 'मेरेकू', 'नक्को', 'लोगां' आणि मध्येच 'काय'. २०११ मध्ये देशभरच्या लोकांनी मातृभाषेची १९,५६९ नावं सांगितली. चाळून त्यांच्या १,३६९ मातृभाषा केल्या आणि त्या १२१ भाषांखाली बसवल्या. त्या १२१ मध्ये दखनी नाही. आमच्या घरात 'सार्त' शब्दाचं जे झालं तेच दखनीचं झालं.

करोनामुळे २०२१ ची जनगणना राहून गेली. पुढच्या मोजणीसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली आहे आणि तीत सगळ्यांच्या जातींचीही नोंद घ्यायचा निर्णय केंद्रानं ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. १९३१ नंतर प्रथमच असं होईल. म्हणजे तांबोळी, मुलाणी यांनाही कदाचित आपापला रकाना मिळेल. गुरुजी येतील तेव्हा घाई करू देऊ नका. त्यांनी काय लिहिलं ते विचारा. मातृभाषेच्या लगतच येत असलेल्या इतर भाषांचा प्रश्न असतो, दोन भाषा सांगता येतात. तो बहुतेक घरांत कोराच जातो, तोही भरून घ्या.

अम्मा आता नाही. या वेळी स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय असणार आहे, म्हणजे पेन माझ्याच हातात. माझ्यापुढे मराठी लिहीन, त्यात शंका नाही. आणि लगतच्या प्रश्नात पहिलं नाव दखनीचं घालीन. मग दिल्लीतला कुणी ते ज्या खणात टाकायचं त्या खणात टाको.