फारखत आणि पोटगी : सोडलेला हक्क कोणाचा?

विवाहविच्छेदासाठी मराठीत 'फारखत' असा एक जुना शब्द आहे. 'फारिग' म्हणजे मोकळा आणि 'खत' म्हणजे लेख. मूळचा हा शब्द देणेघेणे चुकते झाल्याच्या लेखाचा होय. विवाहाच्या संदर्भात तो रूढ झाला, तेव्हा ऋणमुक्तीची कल्पनाही त्याच्याबरोबर आली. आज पतिपत्नी विभक्त होताना जे करारपत्र करतात, त्यात पत्नीने स्वतःच्या व अपत्याच्या पोटगीचा हक्क कायमचा सोडला असल्याचे कलम कधी कधी घातलेले असते. पुढे मुलाच्या शिक्षणाचा वा आजारपणाचा खर्च आईला पेलेनासा झाला, की हेच कलम तिच्यापुढे धरले जाते. सही तर केलेली आहे. मग आता मागणी कशी करता येईल?

या प्रश्नाचे उत्तर 'सोडणे' या क्रियापदाच्या अर्थातच शोधावे लागते. जे आपले आहे तेच सोडता येते. वरील कलमात सोडणारी व्यक्ती एक असली, तरी हक्क दोन आहेत आणि त्यांचे धनी भिन्न आहेत. पत्नीची पोटगी पत्नीची. अपत्याची पोटगी अपत्याची. आई ती रक्कम स्वीकारते ती केवळ पालक या नात्याने.

कायद्याची मांडणी याच भेदाला अनुसरून आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ याच्या कलम २० अन्वये अपत्याच्या निर्वाहाचे दायित्व माता व पिता या दोघांवरही आहे. त्याच वर्षीच्या हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियमाचे कलम ८ असे सांगते की, नैसर्गिक पालकाला स्वतःच्या वचनाने अज्ञान अपत्याला व्यक्तिशः बांधून घेता येत नाही. शिवाय सार्वजनिक धोरणाला विरोधी असलेला करार भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम २३ नुसार निरर्थक ठरतो. पत्नीने तडजोडीत स्वतःची पोटगी सोडली असतानाही, १९५६ च्या अधिनियमाखालील तिचा दावा त्यामुळे अडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली याच तत्त्वावर दिला. मग ज्याने सहीच केलेली नाही, त्या अपत्याचा हक्क तर अधिकच सुरक्षित मानला पाहिजे.

आणखी एक सूक्ष्म भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ हिच्या कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. हे कलम सर्व धर्मीयांना लागू आहे. परस्परसंमतीने विभक्त राहणाऱ्या पत्नीला त्याखाली पोटगी मिळत नाही. परंतु हा प्रतिबंध केवळ पत्नीपुरता आहे. अपत्याचा उल्लेख त्यात नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याच्या कलम २६ खालीही हुकूमनामा झाल्यानंतर अपत्याच्या निर्वाहाविषयी नव्याने अर्ज करता येतो, आणि पूर्वीचा आदेश बदलूनही घेता येतो.

तथापि, करारपत्र सर्वस्वी निरुपयोगी ठरते असे नव्हे. विभक्त होतेवेळी अपत्यासाठी एकरकमी रक्कम वा घर दिलेले असल्यास न्यायालय ते हिशेबात घेते. आईचे उत्पन्नही पाहिले जाते, कारण दायित्व दोघांचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निर्णयानुसार उभय पक्षांना आपली मालमत्ता व देणी प्रतिज्ञापत्राने उघड करावी लागतात, आणि पोटगी अर्जाच्या दिनांकापासून देय होते. या शेवटच्या नियमाचे महत्त्व मोठे आहे. करारातील कलमाच्या धाकाने आई जितकी वर्षे गप्प राहते, तितक्या वर्षांची पोटगी सहसा हाती येत नाही. हक्क कागदाने बुडत नाही. विलंबाने मात्र त्याचा लाभ घटतो.

'पोटगी' या शब्दाच्या मुळाशी 'पोट' आहे. पतिपत्नींमधील हिशेब फारखतीने मिटू शकेल. अपत्याच्या पोटाची फारखत मात्र दुसऱ्या कोणाला लिहून देता येत नाही.