लांबची वाट, पण लवकर पोच!

पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी पीजे ही छोटी आगगाडी तुमच्या आजी-आजोबांना नक्की आठवत असेल. अरुंद रूळ, छोटे डबे आणि ५६ किलोमीटरला दोनेक तास! २०२० पासून ती बंद आहे. आता एक गणित करा. मोठं प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडतं. म्हणजे पीजेची अख्खी वाट त्याला चार मिनिटांचीसुद्धा नाही. तरी मुंबईहून न्यूयॉर्कला पोचायला त्यालाही साधारण १६ तास लागतात. अंतरच तेवढं आहे, सुमारे १२,५०० किलोमीटर.

पण हे अंतर मोजलं कुठल्या वाटेने? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते न्यूयॉर्क रेघ मारलीत, तर ती अरबस्तान आणि आफ्रिकेचा उत्तर भाग ओलांडून अटलांटिक महासागरात शिरते. त्या रेघेने गेलं तर १४,००० किलोमीटरहून जास्त पडतील!

शाळेतला पृथ्वीगोल कपाटावरून खाली घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. बघा, तो आपणहून वर सरकला! रशियावरून, आइसलँडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून तो अमेरिकेकडे उतरतो. गोल पृथ्वीवर सगळ्यात जवळची वाट हीच. सपाट कागदावर पृथ्वी ताणून बसवलेली असते, म्हणून नकाशातली सरळ रेघ आपल्याला फसवते. अर्थात वैमानिक अगदी दोऱ्यावरूनच जातात असं नाही. वारा कसा आहे, कुठल्या देशाचं आकाश खुलं आहे, हे बघून वाट बदलावी लागते.

आता खरी गंमत. परत येताना हाच प्रवास साधारण १४ तासांत होतो. दोन तास वाचले कसे? पृथ्वी फिरते म्हणून? नाही हं. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते. ही करामत वाऱ्याची. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. ताशी २०० किलोमीटरचा वेग त्यांना सहज जमतो. जाताना हा वारा तोंडावर येतो, येताना पाठीशी असतो.

२०१६ मध्ये एअर इंडियाने याचा झकास उपयोग केला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला त्यांचं विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. ते त्यांनी पूर्वेकडे वळवलं आणि पॅसिफिक महासागरावरून नेलं. ही वाट हजार किलोमीटरहून जास्त लांबची, एकूण १५,००० च्या पुढची. तरीही वारा पाठीशी असल्यामुळे विमान साडेचौदा तासांतच पोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर!