ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड : दोन उपयुक्त, एकत्र घातक

सेनगाव परिसरात विहिरीच्या शुद्धीकरणासाठी वापरली जाणारी ब्लिचिंग पावडर आमच्या प्रयोगशाळेतही असते. फरशी धुण्याचे ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, तर घरोघरी आढळते. अधिक स्वच्छतेच्या आशेने ही दोन्ही संडासात एकत्र ओतली, की क्लोरीन वायू सुटतो.

हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असलेला हा वायू जमिनीलगत साचतो. डोळ्यांतील व श्वासनलिकेतील ओलाव्यात त्याचे आम्ल बनते. त्यामुळे आग होते, खोकला येतो, श्वास कोंडतो. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडी येथे जुन्या सिलिंडरमधून हाच वायू गळला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले.

म्हणून ही द्रव्ये वेगवेगळ्या फळ्यांवर, मूळ नावाच्या चिठ्ठीसह ठेवावीत. उग्र वास येताच मोकळ्या, उंच जागी जावे. डोळे पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावेत. फुप्फुसांची सूज काही तासांनीही येऊ शकते. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे.

आमच्या वसतिगृहात स्वच्छता मुलेच करतात. बाटलीवरील नाव वाचूनच तिला हात लावावा, हा त्यांचा पहिला धडा पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी घरीही गिरवावा, ही विनंती.