पंचनाम्याआधीची यादी

आपत्ती व्यवस्थापन हा विषय आपल्या चळवळीच्या विषयपत्रिकेवर यावा तसा आलेला नाही. गायरान जमिनी, शिष्यवृत्त्या, अत्याचार प्रतिबंधक कायदा, राखीव जागांचा अनुशेष यांवर आपले कार्यकर्ते तासन्‌तास बोलतात, आणि ते बोललेच पाहिजे. पूर आला की मात्र आपण मदतफेरी काढतो, धान्य आणि जुने कपडे गोळा करतो, वस्तीवर वाटतो आणि परत येतो. मी महसूल खात्यात कारकुनी केली. नोकरीची शेवटची काही वर्षे खानदेशातल्या एका जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात गेली. तेथे बसून जे कळले ते असे, की पुराच्या रात्री जे घडते त्याचा बराचसा निकाल आदल्या एप्रिल-मे महिन्यांत लागलेला असतो, आणि तो कागदावर लागलेला असतो. त्या कागदांविषयी येथे लिहायचे आहे.

प्रथम पदाविषयी. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती आराखडे तयार होऊ लागले. पुढे २००५ साली केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. रोजचे काम पाहतो तो जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी. बहुतेक ठिकाणी हा माणूस कंत्राटी असतो. लोकांना वाटते, हा पुरात उडी टाकून माणसे काढत असेल. वस्तुतः त्याच्या हाती ना पोलीस ना होडी. होडी आणि जवान राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे. त्या दलाची एक तुकडी धुळ्यातच आहे. २०२४ च्या मे महिन्यात याच तुकडीचे जवान अकोले तालुक्यात प्रवरेच्या पात्रात बुडालेल्यांचा शोध घेत होते. होडी उलटली आणि त्यांतले तीन जण स्वतःच बुडाले. अशा माणसांना योग्य वेळी योग्य जागी बोलावणे एवढेच या अधिकाऱ्याच्या हाती असते. त्याची हत्यारे दोनच, दूरध्वनी आणि यादी. १०७७ हा क्रमांक फिरवला की जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात जी घंटी वाजते, ती उचलणाऱ्यासमोर भिंतीवर याद्याच लटकलेल्या असतात. नदीकाठच्या गावांची यादी, पट्टीच्या पोहणाऱ्यांची, जेसीबीवाल्यांची, निवाऱ्याच्या शाळांची. कामाचा पसाराही मोठा. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब १९३७ साली ३१ जुलैला थांबले होते. त्या स्मृतीसाठी दर वर्षी भर पावसाळ्यात आपली माणसे तेथे लोटतात. त्या गर्दीची काळजीही याच याद्यांमध्ये येते. यात्रेला आपण जातो, तिच्या नियोजनाच्या बैठकीला जाणारे मात्र मला फारसे दिसले नाहीत.

आता पाण्याविषयी. खानदेशातला पूर दोन तऱ्हांचा. एक तापीचा. पाऊस पडतो तो बऱ्हाणपूरच्या बाजूला, सातपुड्यात आणि पूर्णेच्या वऱ्हाडातल्या खोऱ्यात. तापी आणि पूर्णा चांगदेवला मिळतात आणि ते पाणी भुसावळजवळच्या हतनूर धरणात येते. धरणाला ४१ दरवाजे आहेत. वरून पाणी आले की ते उघडण्यावाचून गत्यंतर नसते. जळगावात कोरडे ऊन असते आणि नदी मात्र भरून वाहते. हा पूर सांगून येतो, काही तास हातात असतात. दुसरा पूर पांझरा, तितूर, डोंगरी अशा आखूड नद्यांचा. २०२१ च्या ३० ऑगस्टच्या रात्री चाळीसगावच्या डोंगरांत पाऊस कोसळला. कन्नड घाटात दरडी आल्या आणि सकाळपर्यंत तितूर-डोंगरीचे पाणी गावागावांत शिरले. हा पूर सांगून येत नाही. तो येतो, घर धुऊन नेतो आणि काही तासांत ओसरतो. हे 'काही तास' वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्यांचा हिशेब येणार आहे.

धरणावरून निरोप निघतो. तो नियंत्रण कक्षात येतो, तेथून तहसीलदाराकडे, तेथून तलाठ्याकडे (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गाव अजून तलाठीच म्हणते), मग पोलीस पाटलाकडे आणि शेवटी कोतवालाकडे. रात्री दोन वाजता चिखल तुडवत दवंडी द्यायला निघतो तो कोतवाल. शासनाने अलीकडे त्याचेही नाव बदलून महसूल सेवक केले. माझ्या पाहण्यातले बहुतेक कोतवाल दलित, आदिवासी किंवा भटक्या जमातींतले होते. हे योगायोगाने झालेले नाही. गावाचा निरोप वाहणे, सरकारी टपाल पोचवणे, रात्री-अपरात्री धावणे ही महार वतनाची कामे होती. त्या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. धावणे राहिले. विपरीत असे, की निरोप वाहणारा आपला असूनही निरोप आपल्या वस्तीत शेवटी पोचतो. कारण त्याला आधी कोठे जायचे हे सांगणारा दुसराच असतो.

याचा एक अनुभव माझ्या पदरी आहे, आणि त्यात दोष माझाही आहे. नियंत्रण कक्षातले माझे पहिले वर्ष होते. रात्री पाणी सोडल्याचा निरोप आला. मी यादीप्रमाणे गावे लावत गेलो. एका गावच्या जबाबदार माणसाने 'हो, सांगितले सगळ्यांना' असे म्हटले आणि मी नोंदवहीत त्या गावापुढे 'कळविले' असे लिहून खूण केली. चार दिवसांनी त्या गावी गेलो. गावठाण उंचावर, तेथे पाणी चढलेच नव्हते. नदीच्या उतारावर आपली चौदा झोपडी होती, ती बसली होती. माणसे वाचली होती, पण माझ्या निरोपाने नव्हे. एक म्हातारी सांगत होती, "आमले कोनीच काही सांगं नही, भाऊ. नदीना आवाजच बदली गया." त्या आवाजावर तिने सगळ्यांना उठवले होते. माझ्या वहीत 'कळविले' हा शब्द शाईने लिहिलेला होता. तो खोटा नव्हता. गावाला कळवलेच होते. वस्ती त्या 'गाव' शब्दात बसत नव्हती, एवढेच.

येथे कायद्याची व्याख्या पाहण्याजोगी आहे. बाधित क्षेत्रातील समुदायाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची असते ती आपत्ती, असे कायदा सांगतो. म्हणजे कायदा असे धरून चालतो, की एका जागी राहणारे सारे मिळून एक समुदाय होतात. खेड्याविषयीच्या या भाबडेपणाला बाबासाहेबांनी १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीतच उत्तर दिले होते. पाणी एकच असते. ज्याचे घर उंचावर, ज्याचे धान्य माळ्यावर, ज्याचा भाऊ शहरात, त्याच्यासाठी ती एक रात्रीची गैरसोय. ज्याचे दोन महिन्यांचे दाणे जमिनीवरच्या डब्यात आणि आधार कार्ड उशाखाली, त्याच्यासाठी तेच पाणी क्षमतेपलीकडचे. सरासरी काढली तर गावात आपत्ती झालीच नाही, असेही निघू शकते.

पूर ओसरला की पंचनामा. यात दर ठरलेले असतात. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला, पक्के असो वा कच्चे, १,२०,००० रुपये होते. झोपडीला ८,००० रुपये. झोपडी म्हणजे गवत, माती, प्लास्टिकचे कागद यांचा, कच्च्या घराहूनही हलका निवारा. तेव्हा पंचनामा करणाऱ्याने रकान्यात 'कच्चे घर' लिहिले की 'झोपडी', या एका शब्दात १,१२,००० रुपयांचे अंतर आहे. मातीच्या भिंती आणि वर पत्रा असेल तर ते कच्चे घर. पाण्याने भिंती विरघळल्यावर पत्रा तेवढा उरतो आणि पाहणाऱ्याला ती झोपडी दिसते. शिवाय बांधकाम अधिकृत असले पाहिजे ही अट. आपल्या वस्त्या गायरानावर, नाल्याकाठी, पूररेषेच्या आत का आहेत याचा इतिहास त्या अटीला ठाऊक नाही. निळ्या रेषेच्या आत राहू नये हे जलसंपदा खाते सांगते आणि ते शास्त्राला धरून आहे. रेषेबाहेरची जमीन कोणाच्या नावावर, हे सातबारा सांगतो.

आता त्या 'काही तासां'चा हिशेब. कपडे आणि भांडी वाहून गेल्याबद्दल प्रत्येकी २,५०० रुपये कुटुंबाला मिळत. पण घर वाहून गेलेले, पूर्ण पडलेले, किंवा दोन दिवसांहून अधिक पाण्यात असले पाहिजे. हा निकष गंगा-ब्रह्मपुत्रेकडे पाहून ठरवला असावा. पांझरेचे, तितूरचे पाणी दोन दिवस थांबत नाही. सहा तासांत ते दाणे कुजवते, चूल विरघळवते, दप्तर नेते आणि निघून जाते. राज्य शासनाने काही पुरांच्या वेळी ही अट शिथिल केली, वाढीव दरही दिले. पण शिथिलता दर वेळी मागून घ्यावी लागते, आणि मागणाऱ्याला मूळ अट ठाऊक असावी लागते.

निकषांत आपल्या कामाच्या गोष्टी आहेत, त्या कोणी सांगत नाही. शेळी, मेंढी यांच्याबरोबर डुकराचेही नाव आहे, प्रत्येकी ४,००० रुपये. कारागिराच्या वाहून गेलेल्या हत्यारांना ५,००० आहेत. उपजीविका बुडालेल्या कुटुंबातल्या दोन प्रौढांना रोजगार हमीच्या दराने मदत देण्याची तरतूद आहे. रावेर-यावल पट्ट्यात वादळाने केळीची बाग आडवी झाली की ३३ टक्क्यांचा हिशेब होतो आणि बागवाल्याचा पंचनामा होतो. तो व्हावाच. परंतु त्या बागेत घड वाहणाऱ्या मजुराचा हंगाम बुडाला, त्याचा रकाना कोणी भरत नाही. तो नावाने अर्ज करत नाही, कारण असा अर्ज असतो हेच त्याला माहीत नसते.

कायद्याचे ६१ वे कलम असे, की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही. कायदा झाला त्याच्या एक वर्ष आधी, २००४ च्या डिसेंबरात, त्सुनामी आली होती. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दलितांना निवारा छावण्यांत जागा नाकारली गेली आणि प्रेते उचलायला मात्र दूरदूरच्या नगरपालिकांचे सफाई कामगार आणले गेले, हे त्या वेळी सविस्तर नोंदवले गेले आहे. आपल्याकडच्या आराखड्यांत 'मृत जनावरांची विल्हेवाट' असा एक रकाना असतो. त्यापुढे नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे नाव असते. प्रत्यक्ष हात कोणाचे लागतात हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. मेलेली ढोरे ओढणार नाही म्हणून ज्या समाजाने बहिष्कार सोसले, त्याच्याकडे पुराच्या निमित्ताने ते काम मागल्या दाराने परत येते. निदान बूट, हातमोजे आणि लेप्टोच्या गोळ्या त्या रकान्यात लिहून घ्याव्यात असा आग्रह मी एका बैठकीत धरला. "तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता," असे उत्तर मिळाले. बूट मात्र पुढच्या वर्षी आले.

त्या चौदा झोपड्यांचे काय झाले? पहिल्या पंचनाम्यात त्या 'अतिक्रमण' म्हणून गळाल्या होत्या. गावातल्या एका तरुण शिक्षकाने ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले आणि मतदार यादी जोडून फेरपंचनामा मागितला. नऊ घरे कच्ची घरे म्हणून धरली गेली, तिघांना झोपडीचा दर मिळाला, दोघांकडे पावतीच नव्हती, त्यांना काही मिळाले नाही. त्या शिक्षकाने पुढे एक साधी गोष्ट केली. मे महिन्याच्या ग्रामसभेत त्याने वस्तीची घरवार यादी मंजूर करून घेतली. माणसे किती, म्हातारी किती, गरोदर बाया किती, भिंती कशाच्या, जनावरे कोणती, घरासमोर उभे राहून काढलेले छायाचित्र. ती गावाच्या आपत्ती आराखड्याला जोडून तहसीलला पोच घेऊन दिली. नियंत्रण कक्षाच्या यादीत त्या गावापुढे पोलीस पाटलाच्या क्रमांकाखाली वस्तीचे दोन क्रमांक मी स्वतः लिहिले. त्यांतला एक त्या म्हातारीच्या नातीचा आहे. पुढच्या पावसाळ्यात पाणी सोडले तेव्हा मी तोच आधी लावला. तिने पहिल्या घंटीला उचलला आणि विचारले, "किती वेळ शे, काका?" मी म्हणालो, चार तास.